लग्नात चार इंच घालू का?

एका मुलीच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९, उंची पाच फूट एक, होणारा नवरा सहा फूट. नोकरी हिंजवडीत, लग्न डिसेंबरात, रिसेप्शन डी. पी. रोडवरच्या एका लॉनवर. त्यासाठी चार इंच टाचेच्या सँडल घेऊन झाल्या आहेत, पण घरात घालून बघितल्या तर चाळीस मिनिटांत चवडे पेटतात. मैत्रीण तेवढ्याच उंचीच्या घालून ऑफिसात दिवसभर हिंडते. आई म्हणते, "पाय मोडून घेशील, सपाट घाल." तर किती इंचांपर्यंत ठीक, सवयीने जमतं का, आणि "तुम्ही स्वतः किती घालता?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. वयाने मोठी आहे, तेव्हा अगं-तुगं चालवून घे.

मी दोन इंच घालते. जाड टाच, घोट्याला पट्टा, पुढे बोटांना जागा. तीन तास, फार तर साडेतीन. तिशीत हीच मर्यादा तीन इंचांवर होती आणि मी ती सर्रास ओलांडायचे. मग एकदा नाटकाच्या मध्यंतरात, वडे संपतील या भीतीने घाईघाईत पायऱ्या उतरताना उजवा घोटा असा मुरगळला की पुढचे सहा आठवडे पेशंट मलाच "मॅडम, तुम्ही बसा" म्हणत होते. घोटा बरा झाला, पण पेन्सिल हीलवर त्या पायाचा भरवसा काही परत बसला नाही. तर हे माझे दोन इंच माझ्या घोट्याचे आहेत. तुझा आकडा वेगळा निघेल.

कोथरूडमध्ये बावीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे. तुळशीचं लग्न झालं की साधारण दोन आठवड्यांत आमच्याकडे एक ठरावीक गर्दी सुरू होते. त्यात नवऱ्या कमी आणि करवल्या जास्त असतात. नवरीला निदान खुर्ची मिळते. करवली सकाळपासून ताटं, हार, रुखवत आणि हरवलेले मामा शोधत पळत असते, तेही बहिणीच्या आग्रहाने घेतलेल्या मॅचिंग हिल्स घालून. या सगळ्या जणी "किती इंच चालतात?" हेच विचारतात. मी उलट विचारते, किती तास, कशावर, आणि पाय केवढा?

पाय केवढा, हे तर कुणाच्या लक्षातच येत नाही. दुकानात टाचेची उंची मागून मोजतात. पायाला मात्र जाणवतो तो चढ, म्हणजे टाच आणि चवडा यांच्यातला कोन. समज, २२ सेंटिमीटरचा पाय आहे. त्याची टाचेपासून चवड्यापर्यंतची लांबी साधारण साडेपंधरा सेंटिमीटर भरते. तीन इंच, म्हणजे साडेसात सेंटिमीटरची टाच त्याला लावली की चढ जवळजवळ २९ अंशांचा होतो. तीच टाच २६ सेंटिमीटरच्या पायाला २४ अंशांची पडते. एकच सँडल, एकच उंची, पण एकीसाठी पर्वतीच्या पायऱ्या आणि दुसरीसाठी तळजाईचा रस्ता. तुझी उंची बघता पाय लहान असणार. मैत्रीण तुझ्यापेक्षा उंच आणि मोठ्या पायाची असेल, तर तुमची तुलना तिथेच संपली.

दुसरी गोष्ट प्लॅटफॉर्मची. टाच चार इंच आणि चवड्याखालचा तळ सव्वा इंच जाड असेल, तर पायाचा चढ पावणेतीन इंचांचाच उरतो. कदाचित मैत्रिणीच्या चार इंचांचं रहस्य एवढंच असेल. तिच्या सँडलला पट्टी लावून बघ. अर्थात जाड तळालाही किंमत आहे: जमीन जाणवत नाही, तळ वाकत नाही, आणि पाय मुरगळला तर जास्त उंचावरून मुरगळतो. बुटक्या प्लॅटफॉर्मला माझी हरकत नाही. दीड इंचापुढचे मात्र मी पेव्हर ब्लॉकवर नको म्हणते, आणि पुण्यात पेव्हर ब्लॉक नसलेला फुटपाथ शोधून दाखव.

आता तुझ्या चवड्यांकडे येते. सपाट उभं राहिल्यावर वजनाचा मोठा वाटा टाच उचलते. टाच वर गेली की तो वाटा पुढे सरकतो आणि पाचही बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या डोक्यांवर येतो, त्यातही बहुतेकदा अंगठ्याकडच्या बाजूच्या. शिवाय पाय उतारावर असल्यासारखा सतत पुढे घसरत राहतो. तो थांबवायला बोटं आकसून तळ धरतात, आणि समोर निमुळतं टोक असेल तर तिथे कोंबली जातात. चाळीस मिनिटांत जे पेटतंय ते हे. या दुखण्याला मी घाबरत नाही, सँडल काढली आणि तासाभरात शांत झालं तर तो मिळालेला निरोप समजते.

काळजी वाटते ती वेगळ्या दुखण्यांची. तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये खडा अडकल्यासारखं वाटणं किंवा तिथून मुंग्या येणं, म्हणजे नस दाबली जाते आहे. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येऊन ते लाल होणं. हिल्स घातलेल्या रात्री काहीच नाही, पण सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत सुई टोचल्यासारखं होणं. भोवऱ्या आणि घट्टे तर बोलून चालून दाबाचे नकाशेच आहेत. पेशंटने सांगायच्या आधी तळपाय बघूनच मला कळतं की ती कुठल्या टोकाच्या चपला वापरते. यांपैकी काही असेल तर लग्नाआधी दाखवून घे. ब्लेडने भोवरी कापणाऱ्यांकडे कृपा करून जाऊ नकोस.

मर्यादा घरच्या घरी कशी ओळखायची? मी तीन गोष्टी करून घेते.

आधी भिंतीची चाचणी. अनवाणी उभी राहा, भिंतीपासून अंगठा चार बोटांवर ठेव, टाच न उचलता गुडघा भिंतीला लाव. मग पाय थोडा थोडा मागे घे. साधारण दहा सेंटिमीटर अंतरावरूनही गुडघा टेकला तर पोटरी मोकळी आहे. पाच-सहावरच अडकलीस तर पोटरी आधीच आखडलेली आहे. गंमत अशी की अशा मुलींना हिल्समध्ये बरं वाटतं, सपाट चपलेत नाही. तेवढ्यावरून त्या "मला हिल्स सूट होतात" असा निष्कर्ष काढतात.

दुसरी, एका पायावर चवड्यावर उभं राहणं. भिंतीला फक्त एक बोट टेकवून टाच पूर्ण वर, मग हळू खाली. आमच्याकडे तरुण, निरोगी माणसाकडून पंचवीसची अपेक्षा असते. लग्नाच्या हिल्ससाठी मी पंधरावर समाधान मानते. आठव्यालाच घोटा बाहेरच्या बाजूला लटपटायला लागला, तर चार इंच विसर. कारण हिल्समध्ये घोट्याची हाडं एरवीसारखी घट्ट बसलेली नसतात, टाच वर गेली की सांधा सैल होतो आणि तोल सांभाळायचं काम स्नायूंवर येतं. ते दमले की पाय मुरगळतो. त्यामुळे अपघात बहुतेक वेळा पहिल्या तासात होत नाहीत, निरोप घेताना, गाडीकडे जाताना होतात.

तिसरी चाचणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात निष्ठुर. सँडल घालून घरात चाल आणि कुणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांग. गुडघे सरळ होत नसतील, कंबर मागे आणि हनुवटी पुढे असेल, पावलं टाचेवर न पडता एकदम सपाट आपटत असतील, तर ती उंची तुझी नाही. मग दुखो वा न दुखो. एफ. सी. रोडवर संध्याकाळी बसून बघ, गुडघे वाकवून चालणाऱ्या दहा जणी तरी दिसतील. त्यातल्या निम्म्या जणींना विचारलंस तर सांगतील, "छे, एकदम कंफर्टेबल आहे."

ही चाचणी संध्याकाळी कर. दिवसभरात पाय थोडा सुजतो, सकाळी अकराला बरोबर बसलेली सँडल रात्री नऊला चावते. खरेदीही संध्याकाळीच करावी. दोन पायांत मोठा असेल त्याच्या मापाने घ्यावी. कागदावर अनवाणी उभं राहून पेन्सिलने पायाची आखणी कर आणि त्यावर सँडल ठेव. बोटांची रेघ सँडलच्या बाहेर डोकावत असेल, तर ती बोटं आत कुठे जातात याचा विचार तूच कर.

"पेन्सिल हील वाईट, ब्लॉक हील चांगली" हे सगळीकडे ऐकू येतं. मीही अर्धंच खरं मानते. तोलासाठी जाड टाच निःसंशय चांगली. गुडघ्याचं मात्र तसं नाही. २००१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात बायकांना साधारण पावणेतीन इंचांच्या रुंद आणि अरुंद, अशा दोन्ही टाचांचे बूट घालून चालवलं होतं. अनवाणी चालण्याच्या तुलनेत गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा ताण दोन्हींत वाढला, आणि रुंद टाचेत तो अरुंदपेक्षा कमी नव्हता. म्हणजे ब्लॉक हीलमध्ये आपण पडत नाही, पण गुडघा उंचीचा हिशोब लावतोच. आणि ब्लॉक हील आरामाची वाटते म्हणून आपण ती दिवसभर घालतो, हा तिचा खरा धोका.

सवयीने जमतं का? जमतं. पण काय जमतं ते ऐक. २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन इंच किंवा जास्त टाच, आठवड्यातून किमान पाच दिवस, किमान दोन वर्षं घालणाऱ्या बायका त्यात होत्या. त्यांच्या पोटरीचे स्नायुतंतू सपाट चपला वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे १३ टक्के आखूड निघाले आणि टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा दोर, अधिक जाड, अधिक ताठ. म्हणजे शरीराने तक्रार बंद केली ती स्वतःची लांबी कमी करून. अशा बाईला सपाट चपला घालायला लावल्या की ती कंडरा ताणली जाऊन दुखते.

म्हणून आईचं "सपाट घाल" हे तुझ्यासाठी ठीक आहे, तुझ्या मैत्रिणीला मात्र कुणी असं एका रात्रीत करायला लावू नये. रोजच्या तीन इंचांवरून कागदासारख्या पातळ स्लिपरवर आलेल्या दोघी-तिघी दर वर्षी माझ्याकडे टाच धरून येतात. त्यांना मी दर दोन-तीन आठवड्यांनी अर्धा इंच असं उतरवते, जोडीला पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायचा व्यायाम. आणि सपाट म्हणजे निर्दोष, असंही आई समजत असेल तर तसं नाही. पूर्ण सपाट, कडक, मागे पट्टा नसलेली चपल घालून दिवसभर उभं राहिलं तरी टाच बोलतेच. रोजच्यासाठी अर्धा ते एक इंच टाच, मऊ तळ आणि मागून पट्टा हे बहुतेकींना मानवतं. त्यात शोभा नाही, हे मान्य.

आता तुझं लग्न.

आधी तासांचा हिशोब मांडू. आपल्या लग्नात विधी अनवाणीच होतात. अंतरपाटामागे पाटावर उभी असशील तेव्हा पायांत काही नसणार, सप्तपदीलाही नाही. जेवणाच्या पंगतीत बसलेली असशील. म्हणजे हिल्स लागणार त्या फक्त रिसेप्शनला, सात ते साडेदहा, त्यातही बहुतेक वेळ एका जागी उभं राहून. एका जागी उभं राहणं चालण्यापेक्षा वाईट. चालताना पोटरी आळीपाळीने सुटते, उभं राहिल्यावर चवड्यावरचा दाब एक क्षणही हटत नाही. तुझी घरची मर्यादा चाळीस मिनिटं आहे आणि कार्यक्रम साडेतीन तासांचा. हे गणित सरावाने डिसेंबरपर्यंत जुळणार नाही.

मग फोटोतल्या उंचीचं काय? तुमच्यात अकरा इंचांचा फरक आहे. चार इंच घातलेस तरी सात उरतात, दोन घातलेस तर नऊ. फोटोत सात आणि नऊ यांतला फरक दोघांच्या आयांनाच दिसेल. त्यापेक्षा फोटोग्राफरला सांगून स्टेजवर साडीआड एक पाट ठेव. पुण्यातले लग्नाचे फोटोग्राफर या कामात तरबेज आहेत. (उलटही होतं बरं. गेल्या हंगामात एक नवरदेव आला होता, बुटात उंची वाढवणारे तुकडे घालून तीन तास उभा राहिलेला. नवरी अर्ध्या इंचाने उंच. टाच त्याची दुखत होती, लाज मात्र दोघांना वाटत होती.)

माझा सल्ला: अडीच इंच टाच, पुढे अर्धा इंच तळ, म्हणजे चढ दोन इंचांचा. टाच जाड किंवा वेज, म्हणजे मागून पुढेपर्यंत सलग भरीव. लॉनवर पेन्सिल हील गवतात रुतते आणि स्टेजच्या गालिच्याखाली फळ्यांच्या फटी असतात, तिथे ती बरोब्बर सापडते. घोट्याला पट्टा हवाच. पुढचं टोक गोल किंवा उघडं. आत्तापासून आठवड्यातून तीन वेळा, आधी वीस मिनिटं, मग अर्धा तास, असं वाढवत त्या घालून घरातल्या फरशीवर चाल आणि उभी राहा. तळ थोडा खरखरीत करून घे, नवा कोरा तळ गुळगुळीत फरशीवर साबणासारखा असतो. रिसेप्शनला दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं बस. "पाहुणे काय म्हणतील" हा मुद्दा मी माझ्या बहिणीच्या लग्नातही मानला नव्हता.

चवड्याखालच्या जेलच्या गाद्यांबद्दल: उघड्या सँडलमध्ये चालतात, बंद बुटात घातल्या की आधीच अपुरी जागा आणखी कमी होते. तिसरं आणि चौथं बोट चिकटपट्टीने बांधायची युक्ती सध्या बरीच फिरते आहे. मला पेशंटमध्ये तिचा काही फरक दिसलेला नाही. बधिर करणारा स्प्रे मात्र अजिबात नको. दुखणं तेवढं जातं, दाब तिथेच राहतो, आणि घोट्याला सांगणारं कुणी उरत नाही.

दुचाकीवर हिल्स नकोत, हे हात जोडून सांगते. सिग्नलला पाय टेकवताना पेन्सिल हील सरकली की गाडी आणि बाई दोन्ही आडव्या. डिकीत फ्लोटर्स ठेव, पोचल्यावर बदल.

काही जणींना मी आवड वगैरे न बघता सरळ नाही म्हणते. गरोदरपणात नाही, सांधे सैल झालेले असतात आणि तोलाचा बिंदू रोज सरकत असतो. वर्षभरात घोटा मुरगळलेला असेल तर नाही. मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेले असतील तर कधीच नाही, कारण वर सांगितलेली सगळी चाचणी पाय जाणवण्यावर उभी आहे. आणि मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर हळद-लेप करत बसू नका, एक्स-रे काढा.

नोकरीतली सक्ती हा वेगळा विषय, पण तुझ्या पत्रात ऑफिसचा उल्लेख आहे म्हणून सांगते. माझ्याकडे हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करणाऱ्या दोन मुली येतात. नऊ तास उभं राहणं, टाच ठरवून दिलेली. त्यांना मी व्यायाम देते, पण खरं औषध माझ्या हातात नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आणि फिलिपाइन्सने २०१७ साली कामाच्या ठिकाणची हिल्सची सक्ती बंद केली. त्या मुलींना मी पत्र लिहून देते की वैद्यकीय कारणास्तव एक इंचापेक्षा जास्त टाच नको. एकीचं ऐकलं, दुसरीला बॅक ऑफिसला पाठवलं. स्वतःच्या हौसेने घातलेली हिल दुखली की काढता येते, या मुलींना ती सोय नव्हती.

तुझ्या चार इंचांच्या सँडल दुकानदार परत घेत नसेल तर चांभाराला दाखव. टाच खालून अर्धा इंच कापून मिळते. त्याहून जास्त कापायला लावू नकोस, पुढचं टोक वर उचललं जातं आणि सँडल बिघडते. तेवढं करूनही त्या साडेतीन इंच राहतील, म्हणजे स्टेजवर चढायला आणि पहिल्या वीस मिनिटांच्या फोटोंना. नंतर बदलायच्या दुसऱ्या सँडल जवळ ठेव, पण त्या सपाट नकोत. साडी साडेतीन इंचांवर नेसवलेली असेल आणि तू एकदम जमिनीवर आलीस, तर निऱ्या पायात येतील आणि तोंडावर पडशील. दोन्हींच्या उंचीत इंचापेक्षा जास्त फरक ठेवू नकोस. आणि साडी नेसवणाऱ्या ताईंना हे ट्रायलच्या दिवशीच, सँडल घालून उभी राहून सांग.